कार्ड मोडायचं नाही

नवसाबाईच्या घरात नवी वस्तू वापरायला काढणं म्हणजे हायकोर्टातून हुकूम आणण्यासारखं आहे. मुलाच्या, दीपकच्या लग्नात आलेला काचेचा सेट खोक्यातल्या खोक्यात म्हातारा झाला. सुनेच्या माहेरून आलेला मिक्सर 'पाहुणे आले की काढू' म्हणून फळीवर जाऊन बसला. पाहुणे आले, चहा पिऊन गेले, आणि वाटण पाट्यावरच होत राहिलं. दिवाळीत घेतलेल्या गादीवरचं प्लास्टिक तिनं काढू दिलं नाही, त्यामुळे तिचा नवरा सावळीराम रात्री कूस बदलला की सगळ्या घराला कळतं. त्यानं एकदा भीत भीत विचारलं, "अगं, हा कागद काढू का?" तर ती म्हणाली, "का? गादी कुठं पळून चाललीय का?"

'मोठ्या प्रसंगाला लागेल' हा तिचा मंत्र. आता पंचावन्न वर्षांत तिच्यावर मोठा प्रसंग आलाच नाही असं नाही. आले की चांगले चार-पाच. पण प्रत्येक वेळी तिला वाटलं, याहून मोठा अजून यायचाय.

बाकी बाई कामाला वाघ. मखमलाबादच्या मळ्यात वाट्यानं केलेली थोडी जमीन, त्यात झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. फुलं गणेशवाडीच्या बाजारात घालायची आणि भाजी घेऊन इंदिरानगरच्या कोपऱ्यावर बसायचं. तिथल्या फ्लॅटमधल्या बायका दोन जुड्या घेतात आणि वर फुकट कोथिंबीर मागतात. नवसाबाई विचारते, "ताई, साहेब बँकेत हायेत ना तुमचे? ते काय काय देतात वर फुकट?" गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, पण दुसऱ्या दिवशी परत येतं, कारण माल ताजा असतो आणि शिव्याही.

तर अशा या बाईच्या घरात तीन-एक वर्षांपूर्वी आयुष्मानचं कार्ड आलं. वॉर्डात शिबिर होतं. सून हर्षाली सगळ्यांना रांगेत उभं करून, बोटांचे ठसे देऊन, कार्डं काढून घेऊन आली. सावळीरामच्या कार्डावरचा फोटो पाहून नवसाबाई म्हणाली, "हा तर आत्ताच आजारी दिसतोय." मग तिनं दवाखान्याच्या फुकट इलाजाचा आकडा ऐकला. पाच लाख.

तिनं कार्डं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि लोखंडी पेटीच्या तळाशी, शालूच्याही खाली ठेवली.

तिचा हिशेब सरळ होता. सोनं मोडतात, बँकेतली ठेव मोडतात, पाचशेची नोट मोडतात. एकदा मोडली की गेली. सुट्टे पैसे कधी कुणाच्या खिशात टिकलेत? मग पाच लाखांचं कार्ड तरी वेगळं कसं असेल? हर्षाली सांगायला गेली, "आई, ते तसं नसतं, दरवर्षी..." तर नवसाबाईनं तिला मध्येच तोडलं. "बारावी झालीस म्हणून मला शिकवू नको. हे कार्ड मोडायचं नाय. मोठ्या दुखण्याला ठेवलंय."

हा निव्वळ चिक्कूपणा नव्हता, एवढं सांगायलाच हवं, नाहीतर बाईवर अन्याय होईल. तिची थोरली बहीण धोंडाबाई येवल्याला दिलेली. धोंडाबाईच्या नवऱ्याच्या गळ्यात गाठ आली आणि त्या गाठीनं आधी घरातले पैठणीचे माग खाल्ले, मग कांद्याची जमीन खाल्ली, आणि शेवटी माणूसही खाल्ला. चारचौघांत मिरवणारी बहीण दुसऱ्याच्या शेतात कांदे निवडायला जाताना नवसाबाईनं पाहिली होती. ते दुखणं आपल्या दारात येणार, आणि ते सावळीरामलाच येणार, अशी धास्ती तिच्या पोटात तेव्हापासून बसली होती. कार्ड त्या दिवसासाठी होतं. सावळीरामवर तिचा फार जीव. तसं ती त्याला कधी बोलली नाही. तेही बहुतेक मोठ्या प्रसंगासाठी ठेवलं होतं.

मग सावळीरामला मुतखडा झाला. मुतखडा मोठा चमत्कारिक आजार. माणूस जमिनीवर गडाबडा लोळतो आणि बघणाऱ्याला हसू आवरत नाही. दीपक म्हणाला, कार्ड काढ. नवसाबाई म्हणाली, "मुतखड्याला पाच लाखांचं कार्ड मोडू? लोक काय म्हणतील?" तिनं गटातून कर्ज उचललं आणि नवऱ्याला खाजगी दवाखान्यात घातलं. खडा निघाला हरभऱ्याएवढा, त्याचे हप्ते दोन वर्षं चालले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

गट म्हणजे बायकांचा कर्जाचा गट. दर दुसऱ्या बुधवारी गल्लीतल्या आशाच्या ओट्यावर बसतो. कंपनीकडून वसुलीला सनी येतो. सनीला अजून धड मिशी फुटलेली नाही, पण गटातल्या आज्यासुद्धा त्याला 'सर' म्हणतात. आधी सगळ्या उजवा हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतात की मी हप्ता वेळेवर भरीन, पैसा चांगल्या कामालाच लावीन. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना शेवटी कर्जानं प्रतिज्ञा शिकवली. नियम असा की एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी मिळून भरायचा. त्यामुळे कुणाच्याही घरात माणूस आजारी पडलं की सगळ्या गटाच्या पोटात गोळा येतो. तो माणसाच्या काळजीनं येतो की हप्त्याच्या, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही.

नवसाबाई या गटाची प्रमुख. हप्ता चुकवणारीला ती सोलून काढायची, त्यामुळे सनीला कधी आवाज चढवावा लागला नाही. तिचा सल्ला म्हणजे गटात कायदा. कार्डाचंही तेच झालं. "पोरींनो, कार्ड मोडू नका, मोठ्या दुखण्याला ठेवा," असं ती म्हणाली आणि सगळ्या गल्लीची कार्डं पेट्यांच्या तळाशी जाऊन पडली. ताप आला, पाय मोडला, पिशवी काढायची झाली, की बाया कर्ज काढायच्या. एक कर्ज फेडायला दुसरं उचलायच्या आणि सनीच्या कंपनीचा धंदा झकास चालायचा.

त्यात शेजारच्या सिंधुबाईचंही कार्ड होतं. तिचा नवरा सहादू भाजीची हातगाडी लावायचा. गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दाखल करा, कार्डावर सगळं होईल. सिंधुबाई घाबरून नवसाबाईला विचारायला आली. नवसाबाईनं विचारलं, "चालतोय-फिरतोय ना?"

"हां, गाडी लावतोय रोज."

"मग एवढ्यात कशाला मोडते? गोळ्या चालू ठेव. मोठं काय निघालं तर मोडू."

सहादू चालता-फिरताच गेला, हातगाडीजवळ, कुणाला तरी वांगी तोलून देताना. आयुष्य तेवढंच होतं, असं सगळे म्हणाले. सिंधुबाई घरात बसून होती तोवरचे तिचे दोन हप्ते नवसाबाईनं पदरचे भरले, आणि बाई तोंडाची फाटकी पण मनाची मोठी, असं तिचं गल्लीत नाव झालं.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर झेंडू चांगला फुलला होता. शेजाऱ्याचा टेम्पो बांधावर उभा, अर्धे क्रेट भरलेले, आणि सावळीराम मध्येच वाफ्यात खाली बसला. नवसाबाईनं लगेच तोंड सोडलं. "बसा, बसा निवांत! झेंडूच आता उठून बाजारात जाईल." सावळीरामनं उत्तर दिलं नाही. त्यात विशेष काही नव्हतं, तो तीस वर्षं देत नव्हता. पण तो घामही पुसत नव्हता. नवसाबाई जवळ गेली. त्याचे ओठ काळे पडले होते आणि उजवी मूठ सदऱ्यावर घट्ट दाबलेली.

पुढचं तिला नीट आठवत नाही, टेम्पोवाला सांगतो. दसऱ्याच्या भावातले भरलेले क्रेट त्या बाईनं स्वतःच्या हातांनी बांधावर ओतले, टेम्पोत जागा केली, आणि शहरात पोचेपर्यंत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला अखंड शिव्या घातल्या. "डोळे मिटाल तर बघा" ही त्यातली सांगण्यासारखी.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्यांत दोन ब्लॉकेज आहेत, एक नळी पूर्ण बंद, आजच स्प्रिंग टाकावी लागेल. दीपक अंबडच्या कंपनीतून तसाच कामाच्या कपड्यांत धावत आला होता आणि उसने पैसे मागायला एकामागून एक फोन लावत होता. तेवढ्यात हर्षाली आली. तिच्या हातात लुगड्याचं फडकं होतं. सासूला न विचारता तिनं पेटी उघडली होती, म्हणजे लग्न झाल्यापासूनचं सगळ्यात मोठं धाडस केलं होतं.

नवसाबाईनं फडक्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे.

"डॉक्टर, खरं सांगा. हा मोठा आजार हाय का मधला?"

"म्हणजे?"

"म्हणजे याच्यावर अजून मोठा असतो का काही? नंतर येणारा?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आजी, आज हे केलं नाही तर यांना नंतरचा कुठलाच आजार येणार नाही."

"मोडा," नवसाबाई म्हणाली आणि फडक्याची गाठ दातांनी सोडली.

स्प्रिंग बसली. सावळीराम बाहेर आला तो झोपेत, पण रंगावर आलेला. नवसाबाई मग हिशेबाला मोकळी झाली. दवाखान्यात योजनेचं एक टेबल होतं, तिथं शुभांगी नावाची मुलगी बसायची. तिला आरोग्यमित्र म्हणतात. नवसाबाई तिच्यासमोर जाऊन बसली.

"पोरी, किती मोडले त्यातले?"

शुभांगीनं आकडा सांगितला.

"म्हणजे लय उरलेत." नवसाबाईला जरा धीर आला. "ते आता जपून ठेव. पुढच्या वर्षी लागले तर?"

"आजी, पुढच्या वर्षी परत पाच लाख असतात."

"हे उरलेले आणि ते पाच?"

"नाही, नुसते पाच. दरवर्षी नवे पाच लाख. वापरले नाहीत तर ते राहत नाहीत, जातात."

"जातात म्हंजे? कुठं जातात?"

"कुठं नाही. संपतात."

नवसाबाई खुर्चीतून उठली आणि परत बसली. "म्हंजे आम्ही तीन वर्षं हातसुद्धा लावला नाय..."

"तर त्यांचा काही उपयोग नाही, आजी. जपून ठेवायची वस्तूच नाही ती."

"माझे पंधरा लाख!" नवसाबाई एवढ्यानं ओरडली की वॉचमन धावत आला. तिचे पंधरा लाख चोरीला गेले असं त्याला वाटलं आणि तो शुभांगीकडे संशयानं बघू लागला. दीपकनं आईला धरून बाहेर आणलं. बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ सरकारला शिव्या देत होती. असली महत्त्वाची गोष्ट माणसाला कुणी सांगायला नको का? हर्षाली शेजारीच उभी होती. तिचं तीन वर्षांपूर्वीचं 'दरवर्षी...' अजून अर्धंच राहिलं होतं, आणि ते तिच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सावळीराम उठून बसला. नवसाबाई त्याला चमच्यानं पेज भरवत होती आणि बरोबर बोलणीही खाऊ घालत होती. "कधीपासून दुखत होतं?"

"दिवाळीपासून असंल. मागच्या."

"मागच्या दिवाळीपासून! आणि जिरं-सोडा पीत बसले? मला सांगता येत नव्हतं?"

सावळीरामनं पेज गिळली. "सांगून काय, तू कार्ड मोडायचं का नाय त्या विचारात पडली असती. सहादूला माझ्यापेक्षा जास्त दुखायचं. त्याचं तू मोडू दिलं नाय. मग म्हटलं, माझं तर त्याच्याहून बारीकच हाय."

तो हे तक्रार म्हणून बोललाच नाही. वाटपाचा साधा न्याय सांगावा तसं बोलला. नवसाबाईचा चमचा वाटीतच राहिला. पंधरा लाखांचा आरडाओरडा करताना तिला सहादू आठवला नव्हता. आता आठवला तो हटेना. डॉक्टर दाखल करा म्हणाले होते. कार्ड होतं. पैसे वाचून उरणार नव्हतेच, वर्ष सरलं की नुसते संपणार होते. आणि तिनं सिंधुबाईला सांगितलं होतं, गोळ्या चालू ठेव.

त्या रात्री तिनं ठरवलं की कुणाला काही सांगायचं नाही. सहादू काय परत येणार आहे? सिंधुबाई कशीबशी सावरलीय, तिच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं? कारणं चांगली होती, आणि नवसाबाईला स्वतःला ती पटलीसुद्धा. पण गटातल्या उज्वलाच्या सासऱ्याचं पोट महिनाभर दुखत होतं आणि आशाच्या पायाची गाठ वाढत होती. दोघींनी तिला विचारलं होतं. दोघींना तिनं एकच उत्तर दिलं होतं.

बुधवार आला. सावळीराम अजून दवाखान्यातच होता. दीपकला त्याच्याजवळ बसवून नवसाबाई आशाच्या ओट्यावर गेली आणि तिनं हप्ता सनीपुढे ठेवला. शेतात राहिलेला झेंडू गटातल्या बायांनीच खुडून विकला होता, त्याचे ते पैसे. गणेशवाडीत फुलं घेऊन बसली होती सिंधुबाई.

सनीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. घरात माणूस दवाखान्यात आणि हप्ता वेळेवर, असं त्याच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. दवाखाना आला की त्याला निदान चार महिने चपला झिजवाव्या लागायच्या. "मावशी, तुमचा फोटो काढू का? साहेबांना पाठवतो."

"थोबाड फोडीन," नवसाबाई म्हणाली.

"पण आक्का, दवाखान्याचं बिल?" उज्वलानं विचारलं. "कर्ज कुठून काढलं?"

"नाय काढलं. कार्डावर झालं."

"म्हंजे मोडलं तुम्ही?" आशा म्हणाली. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. सिंधुबाई भिंतीला टेकून बसली होती, तीही.

अजून वेळ होती. 'मोठंच दुखणं होतं, मोडावं लागलं,' एवढं बोलून नवसाबाईला सुटता आलं असतं. तिनं तोंड उघडलं आणि नेहमीसारखा आवाज चढवला. "कार्ड मोडत-बिडत नाय. दरवर्षी नवं भरतं. नाय वापरलं तर फुकट जातं. उद्याच्या उद्या सासऱ्याला घेऊन जा, उज्वला. आशा, तू पण. कुणी सांगितलं होतं तुम्हाला कार्डं पेटीत कोंबायला?"

"तुम्हीच!" तिघी-चौघी एकदम म्हणाल्या.

"मग मी विहिरीत उडी टाका म्हणाले तर टाकाल का?"

दोघी हसल्या. मग त्यांना सिंधुबाई दिसली आणि हसू थांबलं. नवसाबाईचा आवाज खाली आला. "सिंधू, मी तुला नको म्हणाले होते. मला कळत नव्हतं आणि मी सांगितलं. सहादूचा इलाज झाला असता गं."

"मला ठाऊक हाय," सिंधुबाई म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"हेच. त्यांच्या दहाव्यानंतर पोरीनं मला मोबाईलवर वाचून दाखवलं."

"म्हंजे वर्ष झालं! आणि तू बोलली नाय? माझ्या तोंडावर थुंकायचं होतंस."

"भांडले असते तर गट फुटला असता. पुढचं कर्ज मला एकटीला कोण देणार होतं?" सिंधुबाई अगदी सावकाश बोलत होती. "आणि माझे दोन हप्ते तुम्ही भरले होते. ते फिटेपर्यंत तोंड उघडायचं नाय, असं ठरवलं होतं. मागच्या महिन्यात फिटले."

सनी आपल्या बॅगेत काहीतरी शोधायला लागला. नवसाबाईला विचारायचं नव्हतं, तरी तिनं विचारलं, "आणि यांना त्या दिवशी काही झालं असतं, तर?"

"तर आपण दोघी सारख्या झालो असतो." सिंधुबाईनं तिच्याकडे सरळ पाहिलं. "आलं होतं मनात. खोटं कशाला बोलू? फुलं विकायला बसले तेव्हाबी येत होतं."

जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली नवसाबाई खाली मान घालून रडली, मोठ्यानं, पदर वगैरे तोंडाला न लावता.

सिंधुबाईनं तिला रडू दिलं. उगी म्हणाली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. तिनं आपला हप्ता सनीकडे दिला, पावती घेतली आणि उठली. पायरीवर चप्पल घालताना ती म्हणाली, "घरी कधी सोडतायत त्यांना?"

"परवा."

"हर्षाली दमली असंल. दोन दिवस जेवण मी पाठवते. मीठ कमी लागेल ना त्यांना? मला अंदाज हाय. आमच्यांनाबी कमीच सांगितलं होतं."